मैदानावरचा अपघात

कुडाळ, जानेवारी, शनिवार रात्र

रस्ता सुरक्षा अभियानानिमित्त आज आमच्या कनिष्ठ महाविद्यालयाच्या मैदानावर एक अपघात रचण्यात आला. आंगणेवाडीच्या जत्रेहून परतणारी चार मुले, त्यांच्यातलाच एक मोबाइलवर बोलत गाडी चालवणारा, आणि गॅरेजातून ओढून आणलेली बोनेट चेपलेली मोटार, असा तो देखावा होता. दशावतारी नाटकांत रंगभूषा करणाऱ्या आमच्या एका माजी विद्यार्थ्याने कपाळावरच्या जखमा फार हुबेहूब रंगवल्या होत्या. रक्तासाठी मात्र त्याने कोकमाचे आगळ वापरले, त्यावर माश्या जमल्या आणि 'मृत' मुलगा हाताने त्या हाकलू लागला. अकरावीची मुले पोट धरून हसली. मला त्यांचा राग आला नाही, कारण भय दाखवून शहाणपण शिकवण्यावर माझा फारसा विश्वास नाही. त्या वयात मरण नेहमी दुसऱ्याच्या घरचे वाटते.

खरा धडा अंतर मोजायची फीत बाहेर निघाल्यावर सुरू झाला. ताशी 60 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर अंतर कापते, आणि धोका दिसल्यापासून ब्रेकवर पाय पडेपर्यंत सावध माणसालाही साधारण एक सेकंद लागतो. वाहतूक पोलिसांनी तेवढे अंतर चुन्याने आखले आणि ब्रेक लागल्यावर गाडी थांबेपर्यंतचे अंतर त्यापुढचे वेगळे, हेही बजावले. भौतिकशास्त्राच्या सरांनी त्यात भर घातली, की त्याच वेगाने भिंतीवर आदळणे म्हणजे सुमारे 14 मीटर उंचीच्या माडावरून खाली पडणे. ज्याचे वडील माड चढून नारळ पाडतात, त्या मुलाने तो आकडा वहीत उतरवून घेतला.

ग्रामीण रुग्णालयातून आलेल्या परिचारिकाबाईंना प्रश्नही नेमके विचारले गेले. पडलेल्याचे हेल्मेट काढायचे का? श्वास अडत नसेल तर काढू नये, मान हलू देऊ नये, 108 ला फोन करून नेमके ठिकाण सांगावे. मदत केली तर पोलिसांचा ससेमिरा मागे लागेल, ही शंका तर प्रत्येक घरात ऐकू येते. मदत करणाऱ्याला कायद्याने संरक्षण आहे आणि नाव सांगण्याची सक्ती त्याच्यावर करता येत नाही, हे मुलांना आज प्रथमच कळले.

एक गोष्ट मात्र मला खटकली. मोटार वाहन कायद्यात 2019 साली झालेल्या दुरुस्तीनुसार अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालकाला किंवा गाडीच्या मालकाला 3 वर्षांपर्यंत कैद आणि 25,000 रुपये दंड होऊ शकतो. हे ज्यांनी ऐकायला हवे होते, त्यांच्यापैकी कोणीच मैदानावर नव्हते. क्लासला उशीर होतो म्हणून गिअरच्या गाडीची किल्ली मुलाच्या हाती देणारे हात घरातलेच असतात, आणि चौपदरी झाल्यापासून महामार्गावर वेगाला धरबंध उरलेला नाही. हाच प्रयोग पालकसभेच्या दिवशी पुन्हा करावा, असे मी प्राचार्यांना सुचवले आहे. आगळ नसले तरी चालेल, फीत आणि चुना मात्र हवा.