गाडी टायर खाते तेव्हा

यंदाच्या पाडव्याला आमच्या व्हील अलाइनमेंटच्या, म्हणजे गाडीची चाकं नीट रेषेत लावायच्या, दुकानाला २५ वर्षं झाली. मुलगी म्हणाली, "बाबा, ‘आमची वाटचाल’ असं काहीतरी लिहून द्या, फोटोंबरोबर टाकते." फोटो तिने काढले, लिहिणं माझ्या गळ्यात पडलं.

सुरुवात सांगलीत कोल्हापूर रस्त्याला, अण्णाच्या पंक्चरच्या टपरीला टेकून. अण्णा केरळचा. त्यांच्यात थोरल्याला चेट्टा म्हणतात, पण आपल्याकडे गोव्याच्या खालचा प्रत्येक माणूस अण्णाच. जागा त्याची, कॉम्प्रेसर त्याचा. माझ्याकडे एक ट्रॉली जॅक, चार घोड्या, दोन नायलॉनच्या दोऱ्या आणि एक लोखंडी फूटपट्टी. गाडीच्या दोन्ही अंगांना घोड्यांवर दोरी ताणायची आणि रिमच्या पुढच्या व मागच्या कडेपासून दोरी किती लांब ते मोजायचं. पुढचं अंतर जास्त आलं तर चाक आत बघतंय, म्हणजे टो-इन. मागचं जास्त आलं तर चाक बाहेर बघतंय, म्हणजे टो-आउट. अँबॅसिडर, फियाटला सूतभर आत ठेवायचो, मारुतीला जवळपास सरळ. एका गाडीला दीड तास लागायचा आणि मध्येच कुणाचा पाय दोरीला लागला की पहिल्यापासून.

टायर वाचायला अण्णाने शिकवलं. गाडी आली की मी फूटपट्टीकडे धावायचो, तो मनगट धरून माझा पंजा टायरवर ठेवायचा. बाहेरून आत हात फिरव, आतून बाहेर फिरव. आत जाताना गुळगुळीत आणि बाहेर येताना करवतीसारखं बोचलं तर टो-इन जास्त. उलटं बोचलं तर टो-आउट. एकच कड गेली आणि बोचत नसेल तर कॅम्बर, म्हणजे चाकाचा उभा कल बघ, खड्ड्यात आपटून स्ट्रट (शॉकअपचा खांब) वाकलाय का बघ. दोन्ही कडा गेल्या तर हवा कमी, मधला पट्टा गेला तर हवा जास्त. आणि खवले पडल्यासारखं वर-खाली लागलं तर शॉकअप संपलेत, अलाइनमेंट करून उपयोग नाही. आजही पोरांना हेच शिकवतो. मात्र हात फिरवण्याआधी डोळ्यांनी बघा. रेडियल (आत तारेचे पट्टे असलेला टायर) पार घासला की आतली तार बाहेर येते आणि बोट चिरते. माझ्या उजव्या तर्जनीवर अजून खूण आहे.

अण्णा पुढे गावी परत गेला. कॉम्प्रेसर मला देऊन गेला, पैसे घेतले नाहीत. २००८ साली कर्ज काढून चार सेन्सरवालं कॉम्प्युटरचं मशीन घेतलं, गाडीखाली उतरून काम करायला खड्डा बांधून घेतला. त्यानंतरची सहा-सात वर्षं धंदा नीट चालला. त्यात सांगण्यासारखं काही नाही.

२०१५ मध्ये अर्ध्या किलोमीटरवर नवं दुकान उघडलं. काचेची केबिन, एसी आणि थ्रीडी मशीन. चाकाला फक्त पाट्या लावायच्या, गाडी थोडी मागे-पुढे ढकलायची, समोरचे कॅमेरे माप घेतात. मशीन चांगलं होतं, खोटं कशाला बोलू? पण त्यांनी रस्त्यावर बोर्ड लावला : अलाइनमेंट १९९ रुपयांत, सोबत टायरमध्ये नायट्रोजन मोफत. साध्या हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो, हे मी येईल त्याला सांगत बसलो. गिऱ्हाईक मान हलवायचं आणि तिकडे जायचं.

त्याचंही एवढं नाही. खरा घाव बसला तो एका ट्रॅव्हल्सवाल्या शेठमुळे. त्यांच्या आठ गाड्या पुणे-मुंबई विमानतळाच्या फेऱ्या करायच्या, सगळ्या आमच्याकडे. त्यातली एक डावीकडचा पुढचा टायर आतून खायची. मी मशीनवर घेतली, सगळं हिरवं, म्हणजे माप बरोबर. पण टायर बोचत होता, बाहेरून आत येताना. खड्ड्यात उतरलो, लोअर आर्म (चाक धरून ठेवणारा खालचा दांडा) आणि तो जिथे बसतो त्या क्रॉसमेंबरच्या मध्ये टॉमी, म्हणजे लोखंडी पहार घातली आणि जरा जोर लावला. आर्म अर्धा इंच मागे सरकला. मागचा बुश (आर्मच्या सांध्यातली रबरी गादी) फाटून रबर लोंबत होतं. गाडी उभी असताना चाक जागेवर असतं. ब्रेक मारला की आर्म मागे जातो, टाय रॉड (स्टेअरिंगकडून चाकाला येणारा दांडा) मात्र तिथेच राहतो, चाक बाहेर बघायला लागतं. ब्रेक सोडला की परत जागेवर. मशीन उभ्या गाडीचं माप देतं, टायर मात्र घाट उतरताना झिजतो.

शेठना सांगितलं, "आधी बुश टाका, मग अलाइनमेंट. दोन हजारांच्या आतलं काम आहे."

ते म्हणाले, "मशीन ओके दाखवतंय, तुम्ही बुश सांगताय. धंदा कमी झाला वाटतं तुमचा?"

गाडी तिकडे गेली. रंगीत कागद मिळाला, १९९ रुपये झाले, दोन नवे टायर बसले. आठ हजार किलोमीटरच्या आत डावा टायर पुन्हा आतून टक्कल! मग तिथल्या पोराने सांगितलं की आधीच्या अलाइनमेंटने गाडीची सेटिंगच बिघडवली आहे, आमचा दोष नाही. हे वाक्य स्टँडवरच्या प्रत्येक ड्रायव्हरपर्यंत पोचलं. आठही गाड्या गेल्या, त्यांच्या मागे आणखी. पाच-सहा महिने दिवसाला दोन, कधी एक गाडी. हप्ता चुकला, एक पोरगा सोडून गेला. मशीन विकायला काढलं होतं, मिरजेचे एक जण बघूनही गेले.

त्या दिवसांत एक माणूस ठरल्यासारखा यायचा. निवृत्त मास्तर, मारुती ८००, आणि डॅशबोर्डवर वही. वहीत तारीख, किलोमीटर, चारही चाकांची हवा. त्यांच्या टायरांनी बावन्न हजार किलोमीटर काढले आणि तेव्हाही खाचेतल्या खुणेच्या वर रबर शिल्लक होतं.

मी म्हणायचो, "मास्तर, मागच्याच महिन्यात केलंय, गरज नाही."

"मग हवा तरी बघा की."

हवा बघायचो. ते भडंगाची पुडी ठेवायचे आणि तासभर स्टुलावर बसायचे. दुकानात कुणीतरी बसलेलं दिसावं म्हणून बसत होते, हे मला बऱ्याच उशिरा कळलं.

शेठच्या त्या गाडीचा ड्रायव्हर एका रात्री नऊ वाजता आला. "मालकांना सांगू नका, पण ब्रेक मारला की गाडी वळते, मला भ्या वाटतंय." दोन्ही बाजूंचे बुश टाकले, टाय रॉडचे चेक नट सोडून टो लावला, स्टेअरिंग मध्ये आणलं. पैसे त्याने स्वतःच्या खिशातून दिले. पुढच्या टायरांचं आयुष्य शेठनी हिशेबात बघितलं असणार, कारण हळूहळू गाड्या परत आल्या. एक, मग तीन, मग सगळ्या. माफी नाही, विषय नाही. उलट परवापरवापर्यंत म्हणायचे, "तेव्हा तुमचं मशीन जरा खराब होतं."

मशीन खराब नव्हतं. आज लिहूनच ठेवतो.

त्या मशीनला शेवटी पाण्याने नेलं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर गेली, दुकानात छातीइतकं पाणी. सेन्सर माळ्यावर टाकले म्हणून वाचले, बाकी सगळं गाळात. त्या १९९ वाल्यांचं दुकान उंचावर, त्यांना चिखलसुद्धा लागला नाही. नंतर आम्हीही थ्रीडी घेतलं. नायट्रोजन मात्र घेतला नाही.

लिहितोच आहे तर चार गोष्टी सांगून ठेवतो. हवा सकाळी, गाडी पळवण्याआधी तपासा, आणि दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असेल तेवढीच भरा. टायरच्या अंगावर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा असते. गाडी एका बाजूला ओढत असेल तर आधी पुढचे दोन टायर आपसात बदलून बघा (फिरण्याच्या दिशेचा बाण असलेले नकोत). ओढ बाजू बदलून आली तर दोष टायरचा आहे, अलाइनमेंटवाल्याच्या नावाने शंख करू नका. दोनच नवे टायर घेतले तर ते मागे बसवा. यावर लोक माझ्याशी भांडतात, पण पावसात मागचं चाक घसरलं तर गाडी सावरत नाही. आणि अलाइनमेंट झाल्यावर कागद बघण्याआधी विचारा, खड्ड्यात कोण उतरलं होतं?

गेल्या आठवड्यात शेठचा मुलगा नवी गाडी घेऊन आला. टायर झिजतायत म्हणाला.

"पप्पांनी सांगितलंय, काका, आधी बुश बघायला सांग."

दहा वर्षांनी ऐकलं हे. टॉमी घेऊन मी स्वतः खाली उतरलो, पोरांना उतरू दिलं नाही. बुश ठणठणीत होते. वर येऊन टायरवर हात फिरवला, दोन्ही कडा सारख्याच गेलेल्या. हवा बघितली, चारही चाकांत बावीस.

"किती झाले, काका?"

"हवेचे आपण घेत नाही," म्हटलं.