चेहऱ्यावर तेज

हळदीकुंकवाला मंदाताई म्हणाल्या, "अगं, काय तेज आलंय चेहऱ्यावर! काय लावतेस?" आणि मी लाजले. या वयात.

तेव्हापासून तेच घोळतंय. ते तेज कशाचं, हे मला चांगलं ठाऊक आहे. लहान आतड्यातली ती एवढीशी न्यूरोएन्डोक्राइन गाठ, म्हणजे संप्रेरकं सोडणाऱ्या पेशींचा कॅन्सर, सेरोटोनिन नावाचं संप्रेरक आणि आणखी काय काय रक्तात सोडते. यकृत ते वाटेतच संपवतं, म्हणून वर्षानुवर्षं कुणाला पत्ता नसतो. तिची पिल्लं यकृतातच जाऊन बसली की मग थेट अंगभर. चेहरा लाल, पोट धावतं. म्हणजे मंदाताईंनी कौतुक केलं ते माझ्या यकृतातल्या ठिपक्यांचं. आणि मला ते आवडलं!

आवडलं कसं? हाच लालपणा आधी सगळ्यांनी पाळी जाण्याच्या खात्यावर मांडला होता. पोटाला आयबीएस म्हणाले, म्हणजे आतडं नुसतं चिडकं. मग सीटीत आतडं जाड दिसलं, तर टीबीच्या गोळ्या. आपल्याकडे असं दिसलं की आधी टीबीच आठवतो, आणि वरची दुर्बीण, खालची दुर्बीण, दोन्ही पोचत नाहीत तिथेच ही बया बसलेली. तुकडा काढणार कुठून? शेवटी गॅलियमच्या पेट स्कॅनमध्ये दिसली, किरणोत्सारी गॅलियम टोचून अशा गाठी शोधतात त्यात. त्या गोळ्यांनी जे महिने खाल्ले ते... जाऊ दे. हे तेव्हा घरी काय म्हणाले, तेही जाऊ दे.

पण आवडलं, हे खरंच. इतके दिवस सगळे माझ्याकडे बघतात ते रिपोर्ट वाचल्यासारखे. मंदाताईंना काही माहीत नाही, त्यांनी फक्त चेहरा बघितला.

सांगायला हवं होतं, "ऑक्ट्रिओटाइड लावते हो, दर 28 दिवसांनी, कुल्ल्यावर." खरं तर ते इंजेक्शन, घेतलं की गाठीचं सोडणं दबतं आणि तेज जातं. तारीख जवळ आली की पुन्हा गाल फुलतात. पुढे ल्युटेशियम, म्हणजे गाठीवरचं किरणोत्सारी औषध, द्यावं लागलं तर बघायलाच नको. ते ट्रॉम्ब्याच्या अणुभट्टीत तयार होतं म्हणे, मग काही दिवस लहान मुलांना जवळ घ्यायचं नाही. तेज असावं तर असं.

मार्चात चिनूचं लग्न. इंजेक्शन आधी घ्यावं की फोटो होऊन गेल्यावर, म्हणून मघाशी खरोखर कॅलेंडर काढून बसले होते. आधीच घेते. भर पंगतीतून उठून पळायला नको.