शटरची किल्ली कोणाकडे

गेल्या मंगळवारी रात्री पावणेअकराला आम्ही तिघींनी मिळून कॅफेचं शटर खाली ओढलं, कुलूप लावलं आणि किल्ली मी माझ्या पर्समध्ये टाकली. यात काय एवढं असं वाटेल कुणाला, पण ही किल्ली पर्समध्ये यायला मला अडीच वर्षं लागली म्हणून आज सुट्टीच्या दिवशी हे लिहायला बसलेय.

मी सोलापुरात विजापूर रोडवरच्या एका कॅफेत काम करते. लागले तेव्हा आम्ही तीन मुली आणि सहा मुलं. मुलींनी बिलिंग बघायचं, टेबलावर द्यायचं, गिऱ्हाइकाशी गोड बोलायचं. कॉफीच्या मशीनवर मुलं. का विचारलं तर मशीन गरम असतं, जड असतं, तुम्हाला जमणार नाही. पोर्टाफिल्टर, म्हणजे दळलेली कॉफी भरून मशीनला लावतात तो दांडीवाला भाग, उचलून बघितलं तर अर्धा-पाऊण किलोच्या वर नाही, आणि आमच्या घरी अम्मा आयुष्यभर विडीच्या ओल्या पानांचे गठ्ठे उचलत आलीय. मग मी दुपारी तीन ते चार, गर्दी नसते तेव्हा, एका मुलाकडून शिकून घेतलं, त्याने पण मनापासून शिकवलं हे सांगायलाच पाहिजे. ग्राइंड म्हणजे दळण किती बारीक, शॉट म्हणजे कॉफीची धार किती सेकंदात खाली यायला पाहिजे, दूध तापवताना कुठं थांबायचं. एप्रिल-मेमध्ये आपल्या सोलापूरची हवा अशी कोरडी की सकाळी सेट केलेलं ग्राइंड दुपारी चालत नाही, शॉट पळायला लागतो. ते मला आवाजावरून कळायला लागलं. मुलं पण विचारायला यायची, जरा बघ ना गं काय झालंय.

आणि मग शिफ्ट इन्चार्ज कोणाला केलं तर माझ्यानंतर आठ महिन्यांनी आलेल्या मुलाला.

सरांना विचारलं तर ते शांतपणे म्हणाले, अगं तो क्लोजिंग करतो ना. मी त्या रात्री बराच वेळ या वाक्याचा विचार केला, कारण सगळं त्यातच होतं. क्लोजिंग म्हणजे नुसतं झाडून पुसून कुलूप लावणं नाही, गल्ला मोजायचा, बीन्स आणि दूध किती उरलं ते बघून उद्याची ऑर्डर टाकायची, मशीन आतून धुवायचं, उद्या कोण कधी येणार ते ठरवायचं. दुकान कसं चालतं हे सगळं त्या शेवटच्या दीड तासात कळतं. आणि मुलींना आठ वाजता घरी पाठवायचे, सेफ्टीसाठी. म्हणजे कोणीच वाईट वागत नव्हतं, उलट काळजीच घेत होते, आणि त्या काळजीमुळेच आम्ही तिघी अडीच वर्षं आठ वाजता जिथल्या तिथे थांबलेल्या होतो.

मला हे नवीन वाटायला नको होतं खरं तर. आमची अम्मा विड्या वळते. सोलापूरच्या पूर्व भागात दर दुसऱ्या घरात हे आहे, घरी तेलुगू, बाहेर मराठी आणि मांडीवर सूप. कुंभारीला गोदूताई परुळेकर वसाहतीत दहा हजार घरं उभी राहिली ती विडी कामगार बायकांचीच, २००६ साली पंतप्रधान आले होते चाव्या द्यायला. पानं भिजवायची, कातरायची, वळायची, दोरा बांधायचा, हजार झाल्या की कारखान्यात न्यायच्या. तिथे बसलेला माणूस बघणार आणि नको त्या छाटून बाजूला काढणार, त्याचे पैसे नाहीत. मी लहान असताना अम्माबरोबर जायचे, रांगेत सगळ्या बायका आणि टेबलाच्या पलीकडे नेहमी पुरुष. तेव्हा काही वाटलं नाही, तसंच असतं असं वाटायचं.

मागच्या जानेवारीत गड्डा यात्रा झाल्यावर मी चार दिवस सुट्टी काढून कर्नाटकात हासनला गेले. सोलापूरहून थेट गाडी आहे, रात्रभराचा प्रवास. माझ्या मैत्रिणीचे मामा सकलेशपूरजवळच्या एका इस्टेटवर रायटर आहेत, म्हणजे हजेरी आणि वजन लिहिणारे. मला फक्त बघायचं होतं की मी रोज जी कॉफी दळते ती येते कुठून. सिल्व्हर ओकची सावली, त्यावर मिरीचे वेल चढलेले, आणि खाली झुडपांत बायका. कमरेला पिशवी बांधलेली, लाल झालेलं फळ तेवढं तोडायचं, हिरवं राहू द्यायचं. बोटं इतकी भराभर चालत होती की मला अम्माच दिसायला लागली. संध्याकाळी पोती काट्यावर. किलोवर पैसे. काट्यापाशी मेस्त्री, म्हणजे मुकादम, वहीत रायटर, दोघं पुरुष. झाडावर चढून सावली छाटायचं काम पुरुषांचं आणि त्याचा रोज जास्त, असं मामांनीच सांगितलं. पुढे क्युरिंग वर्क्समध्ये, म्हणजे कॉफीचं साल काढून दाणे वेगळे करतात त्या कारखान्यात, काळे, फुटके दाणे हाताने निवडतात, त्याला गार्बलिंग म्हणतात, ते पण बहुतेक बायकाच करतात. म्हणजे कपात जी चव येते ती आधी दोनदा तरी बाईच्या बोटांतून निवडून आलेली असते.

परत आल्यावर अम्माला सगळं सांगितलं, मोबाईलवर फोटो दाखवले. तिने एकच विचारलं, काटा कोण धरतंय?

आंतरराष्ट्रीय कॉफी संघटनेचा २०१८ चा एक अहवाल आहे, त्यात म्हटलंय की कॉफीच्या शेतात ७० टक्क्यांपर्यंत काम बायका करतात, पण बायका चालवतात अशी शेतं २० ते ३० टक्के. त्याच वर्षी १ ऑक्टोबरचा कॉफी दिवस पण बायकांच्या नावाने केला होता. शेत नावावर नाही म्हणजे कर्ज नाही, सोसायटीची मेंबरशिप नाही, ट्रेनिंगला बोलावणं नाही, आपल्याकडे सातबाऱ्याचं जे आहे तेच. शेतकरी संघटनेने लक्ष्मी मुक्ती मोहिमेत बायकोचं नाव सातबाऱ्यावर चढवायला लावलं होतं ते याच कारणासाठी, मायेपोटी नुसतं म्हणून भागत नाही, कागदावर यावं लागतं.

आणि बाईला चव कळत नाही असं कोणी म्हणालं की मी सुनालिनी मेनन यांचं नाव घेते. कॉफी बोर्डात क्वालिटी कंट्रोलच्या प्रमुख होत्या, नंतर बंगळुरूत स्वतःची कॉफीलॅब काढली, भारतातली कॉफी चाखून तिचा दर्जा सांगणारं हे एवढं मोठं नाव बाईचं आहे. आमच्या कॅफेत हे कोणालाच माहीत नव्हतं, मला पण नव्हतं.

मग मी सरांकडे गेले, यावेळी तयारी करून. महाराष्ट्राचा दुकानांचा २०१७ चा कायदा आहे, रात्री साडेनऊनंतर बाईने काम करायचं तर तिची संमती पाहिजे आणि सुरक्षेची, घरी पोचवायची सोय मालकाने करायची. छोट्या दुकानांना त्यातल्या सगळ्या अटी लागू नसतात, पण काय करायला पाहिजे ते तिथे स्वच्छ लिहिलंय. बाईला घरी पाठवा असं नाही लिहिलेलं, सोय करा असं लिहिलंय. मी म्हटलं सर, एकटीला नको, दोघी-तिघी मिळून क्लोजिंग करतो, ओळखीचा रिक्षावाला महिन्यावर लावा, आणि मागच्या गल्लीतला दिवा चालू करून घ्या. अजून एक सांगितलं, आपण नऊ जण आहोत म्हणून आत तक्रार समिती नाही, पण दहाच्या खाली माणसं असली तरी जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं, तो कागद पँट्रीत लावा, मुलामुलींना दोघांना दिसेल असा. सरांनी आधी खर्चाचं काढलं. मी रिक्षाचा हिशोब लिहूनच नेला होता. दोन आठवडे काही बोलले नाहीत, मग एक दिवस दिव्याचा माणूस आला.

आता आठवड्यातले तीन दिवस क्लोजिंग आमच्याकडे. पहिल्या रात्री गल्ल्यात चाळीस रुपये कमी भरले, परत मोजले, दुधाला दिलेले सुट्टे वहीत लिहायचे राहिले होते ते निघाले. बिलिंगवरच्या दोघी आता मशीन शिकतायत आणि एका मुलाला मी बिलिंगवर बसवलंय, तो चांगला बोलतो लोकांशी, त्याला पण आवडतंय.

पगार मात्र अजून तसाच आहे. त्या इन्चार्ज मुलाला माझ्यापेक्षा दीड हजार जास्त, त्याच्यावर घर आहे म्हणून. अम्माच्या डोळ्यांच्या ऑपरेशनचा खर्च मी केला, भाडं मी भरते, माझ्यावर पण घर आहे. सारख्या कामाला सारखा पगार हा कायदा १९७६ सालीच आला होता, माझ्या जन्माच्या आधी, आता तो वेतन संहितेत आलाय. एक तारखेला सर येतात तेव्हा बोलणार आहे, क्लोजिंगची वही बरोबर घेऊन.