डेव्हिसचं काय करायचं?

४ एप्रिल २०१९, गुरुवार

बाल्टिमोरच्या बेसबॉल संघाचा, ओरिओल्सचा, मोसमातला घरचा पहिला सामना, समोर न्यू यॉर्कचे यँकीज, आणि सगळ्यात मोठी हुर्यो आपल्याच क्रिस डेव्हिसची. तीनदा बॅट घेऊन आला, तिन्ही वेळा स्ट्राइकआउट, म्हणजे चेंडू न मारताच बाद. पुढची पाळी आली तेव्हा नव्या मॅनेजरने, ब्रँडन हाइडने, त्याला बसवून हान्सर अल्बर्टोला पाठवलं. त्यावर कॅम्डन यार्ड्समध्ये, आमच्या घरच्या मैदानात, अशा टाळ्या पडल्या की बाबा दचकून उभेच राहिले.

"काय झालं रे?"

"काही नाही बाबा, डेव्हिसला काढला."

"मग आधीच का नाही काढला?"

सांगलीहून येऊन बाबांना फार दिवस झालेले नाहीत. फाउल बॉल कशाला म्हणतात ते अजून मधूनमधून विचारतात. पण हा प्रश्न असा, की गेली दोन-तीन वर्षं अख्खं बाल्टिमोर तोच विचारतंय.

घरी येताना गाडीत त्यावरच जुंपली. गाडी ऑफिसातल्या मित्राची. तो जन्माने आणि तोंडाने अस्सल बाल्टिमोरचा. त्याचं म्हणणं सरळ होतं: आज रात्री हातात चेक ठेवा आणि उद्यापासून येऊ नकोस म्हणून सांगा. मी म्हटलं, चेक केवढ्याचा ते तरी बाबांना सांग. मग हिशेब निघाला. जानेवारी २०१६ मध्ये सात वर्षांचा करार, १६ कोटी १० लाख डॉलर. बेसबॉलमध्ये करारातली रक्कम पक्की असते. खेळा, बसा, घरी जा, पैसे मिळणारच. त्यातले ४ कोटी २० लाख नंतर द्यायचे, हप्त्याहप्त्याने, २०३७ पर्यंत.

बाबा बँकेतून निवृत्त झालेले. इतका वेळ काचेबाहेर बघत होते, ते एकदम पुढे सरकले. "त्यावर व्याज?"

"नाही. बिनव्याजी."

"म्हणजे मालकाला वीस वर्षांचं बिनव्याजी कर्ज मिळालं की! मग १६ कोटी कुठले? आजच्या किमतीने बरेच कमी होतात." आणि मेरीलँडमधलं कोलंबिया येईपर्यंत ते चक्रवाढीचं गणित मांडत बसले. मित्र गप्प. डेव्हिसची बाजू अशा दिशेने कोणी घेईल असं त्याला स्वप्नातही वाटलं नसणार.

हुर्योचं मला वाईट वाटलं, पण नवल वाटलं नाही. हा माणूस मी चांगला बघितलाय. २०१३ मध्ये त्याने ५३ होम रन मारले, ब्रॅडी अँडरसनचा ५० चा क्लबचा विक्रम मोडला. २०१५ मध्ये ४७. त्याच वर्षी एप्रिलमध्ये फ्रेडी ग्रे या कृष्णवर्णीय तरुणाच्या पोलीस कोठडीतल्या मृत्यूनंतर शहर पेटलेलं असताना एक सामना दरवाजे बंद करून, एकाही प्रेक्षकाविना झाला होता. त्यात पहिल्याच इनिंगमध्ये डेव्हिसने तीन धावांचा होम रन मारला. टीव्हीवर बॅटचा आवाज कोऱ्या पत्र्यावर हातोडा पडावा तसा आला होता, कारण दुसरा आवाजच नव्हता. लोकांना तो डेव्हिस परत हवा आहे. हुर्यो उडवणाऱ्याला अजून आशा असते, हे मला आज पहिल्यांदा नीट दिसलं. ज्याच्याकडून काही मिळायचं नाही त्याच्यावर कोण घसा बसवून घेतो?

८ एप्रिल, सोमवार

झालं. विक्रम झाला. ओकलंडविरुद्ध पाचपैकी पाच वेळा बाद. बॅटर सोडून इतर कोणाच्या नावावर असता तर चाललं असतं असा विक्रम: ओळीने सगळ्यात जास्त वेळा हिटविना, म्हणजे चेंडू मारून बेस न गाठता (पिचर, म्हणजे चेंडू टाकणारे, सोडून). आधीचा आकडा ४६, युजेनियो वेलेसचा. डेव्हिसची शेवटची हिट गेल्या वर्षी १४ सप्टेंबरला.

सामना घरी टीव्हीवर बघितला. मैदानात जेमतेम साडेसहा हजार माणूस, खुर्च्याच खुर्च्या दिसत होत्या. ज्या चेंडूवर विक्रम मोडला तो त्याने काही वाईट मारला नव्हता. चांगला कडक, डाव्या बाजूला, पण सरळ फील्डरच्या हातात. डेव्हिस पहिल्या बेसच्या अर्ध्या वाटेवरून वळला, हेल्मेट काढलं, केसांवरून हात फिरवला आणि डगआउटकडे, खेळाडूंच्या बाकाकडे, चालू लागला. ना बॅट आपटली, ना वर बघितलं. कचेरीतून परत येणारा माणूस जसा चालतो तसा चालला.

बाबांना मी त्याचं तंत्र समजावायला बसलो. तो डावखुरा, आणि चेंडू ओढून उजवीकडेच मारणारा. समोरच्यांनी ते हेरलं आणि बेसजवळचे तीन-तीन फील्डर उजव्या बाजूला आणून ठेवले. याला शिफ्ट म्हणतात. पूर्वी ज्या फटक्याला हिट मिळायची तो आता डावीकडची जागा सोडून सेकंड बेसच्या उजव्या बाजूला उभ्या असलेल्या शॉर्टस्टॉपच्या ग्लव्हमध्ये जातो. बाबांचा लगेच पुढचा प्रश्न: "मग डावीकडे का मारत नाही? तिकडं तर मोकळं रान आहे."

हाच प्रश्न प्रत्येक जण विचारतो. उत्तर असं, की साताठ मीटर नव्हे, साडेअठरा मीटरवरून ताशी दीडशे किलोमीटरने चेंडू येतोय, ज्या स्विंगवर आयुष्य उभं केलं तो तिशीनंतर मोडून नवा बांधायचा, आणि नवा बांधताना जुन्यातली ताकद जाते. शिवाय शिफ्ट हे अर्धंच कारण. गेल्या वर्षी १९२ स्ट्राइकआउट झाले त्याचं. जो चेंडू बॅटला लागतच नाही त्याच्यापुढे फील्डर कुठेही उभे असोत. गेल्या मोसमात सरासरी .१६८, म्हणजे हजार वेळांत १६८ हिट. पूर्ण मोसम खेळलेल्या बॅटरची आजवरची सगळ्यात कमी. त्याआधीची नीचांकी .१७९ होती, १९९१ मध्ये रॉब डिअरची आणि २०१३ मध्ये डॅन अग्लाची. डेव्हिसने ती आरामात खाली ढकलली.

मित्राचा फोन आला, सामना संपायच्या आत. त्याची नवी थिअरी औषधाची. २०१४ मध्ये ॲडरॉल हे एकाग्रतेचं औषध परवानगीविना घेतलं म्हणून डेव्हिसवर २५ सामन्यांची बंदी आली, त्या वर्षी सरासरी .१९६. पुढच्या वर्षी दुसऱ्या औषधाची रीतसर परवानगी मिळाली आणि ४७ होम रन. मी म्हटलं, परवानगी तर नंतरही होती, मग घसरला कसा? त्यावर तो म्हणाला, पैसा मिळाला की भूक मरते. हे मला पटत नाही. भूक मेलेला माणूस रोज दुपारी लवकर येऊन जादा सराव करत नाही. मला वाटतं गोष्ट जास्त साधी आहे आणि म्हणून जास्त वाईट: तो ३३ वर्षांचा आहे, अंगाने थोराड आहे, वेगवान चेंडू त्याला आता थोडा उशिरा दिसतो. त्या थोड्या उशिराला औषध नाही.

बाबा मात्र अगरकरला घेऊन आले. "अरे, आपला अजित. ऑस्ट्रेलियात ओळीने पाच शून्यं. सगळे हसत होते. आणि दोन-अडीच वर्षांत लॉर्ड्सवर नाबाद १०९! सांग, कोणाला वाटलं होतं?"

"बाबा, पण अगरकर बोलर होता. त्याला बॅटिंगचे पैसे नव्हते."

"मग कांबळी घे. ओळीने दोन द्विशतकं, चोपन्नची सरासरी, आणि तेविसाव्या वर्षी कसोटी संपली त्याची. १७ कसोटी! त्याला असा करार असता तर काढला असता का?"

यावर मला काही बोलता येईना. गावसकर, वेंगसरकर, कांबळी यांच्यावर वाढलेल्या माणसाला निवड समितीचा हिसका ठाऊक असतो. वगळला म्हणजे वगळला. इथे उलटा पेच: वगळला तरी पैसे देणं आलं, म्हणून वगळवत नाही. आणि या पेचात मार खातोय तो आमचाच ट्रे मान्सिनी. तो मुळचा फर्स्ट बेसवर उभा राहणारा. डेव्हिस तिथे उभा, म्हणून मान्सिनीला आउटफील्डच्या कोपऱ्यात पाठवलंय आणि तिथे तो बिचारा उंच चेंडूंमागे धडपडतो. डेव्हिस परत फॉर्मात येईल का, या प्रश्नाला आता अर्थ उरला नाही असं माझं मत. पैसे दोन्ही बाजूंनी गेलेच. प्रश्न एवढाच की तो कोणाची जागा अडवतोय. हे मी मित्राला सांगितलं तर म्हणाला, म्हणजे तू माझ्याच बाजूचा की! आहे खरा. तरी आज तो पाचव्यांदा आला तेव्हा मीच सोफ्यावरून ओरडत होतो, "मार रे, एक तरी मार."

मैदानातले लोकही आज त्याच्या बाजूने ओरडत होते. चार दिवसांत सूर बदलला. मला ते हुर्योपेक्षा कठीण वाटलं.

१३ एप्रिल, शनिवार

सुटला! बॉस्टन रेड सॉक्सच्या फेनवे पार्कवर, पहिल्याच इनिंगमध्ये, पिचर रिक पोर्सेलोला उजवीकडे एक सिंगल, म्हणजे एका बेसची हिट, दोन धावा. ५४ वर थांबलं. बेसवर उभा राहून त्याने चेंडू मागितला, पहिली हिट मारणाऱ्या पोरासाठी मागतात तसा, आणि हसला. कितीतरी दिवसांनी त्याचे दात दिसले. पुढे आणखी दोन हिट मारल्या, दोन्ही डबल, म्हणजे दोन-दोन बेसच्या.

"चोपन्न," बाबा म्हणाले, "कांबळीची सरासरी." आणि चहा टाकायला उठले.

फेनवेवरच हे व्हावं याचं मला बरं वाटलं. मे २०१२ मधला तिथलाच तो सतरा इनिंगचा सामना अजून आठवतो. डेव्हिस त्या दिवशी बॅटने आठपैकी आठ वेळा बाद झाला होता, पाच स्ट्राइकआउट. पिचर संपले म्हणून शेवटी त्यालाच चेंडू दिला, तर त्याने दोन इनिंग एकही धाव न देता काढल्या आणि विजयी पिचर म्हणून त्याचंच नाव लागलं. असला माणूस. याच्याबद्दल भाकीत करायला बसलं की तोंडावर पडायची तयारी ठेवावी लागते.

एका नऊ वर्षांच्या पोराने त्याला सामन्याआधी पत्र दिलं म्हणे. पोरगं रेड सॉक्सचं, म्हणजे विरुद्ध संघाचं, चाहतं. पत्रात त्याला धीर दिलेला. बॉस्टनच्या पोराने आमच्या बॅटरची समजूत काढावी, ही तर आमच्या संघाची अवस्था. गेल्या मोसमात ११५ सामने हरलोय आम्ही.

मित्राचा संदेश: "आता हे लोक म्हणतील, बघा, आला परत. अजून चार वर्षं सोसा." त्याचा राग मला कळतो. मचाडोला अदलाबदलीत देऊन टाकला, ॲडम जोन्स गेला, जे आवडते ते सगळे गेले, आणि राहिला कोण, तर ज्याला कोणी घेणार नाही तो.

१२ ऑगस्ट २०२१, गुरुवार

डेव्हिसने निवृत्ती जाहीर केली. नितंबाच्या सांध्याची शस्त्रक्रिया झालीय, हे वर्ष तो खेळलाच नव्हता. २०१९ मधली ती हिट काही सुरुवात ठरली नाही; त्या मोसमात सरासरी .१७९ वर अडकली, ऑगस्टमध्ये डगआउटमध्ये हाइडवर धावून गेला, चौघांनी धरला. २०२० मध्ये १६ सामने, .११५. या मधल्या काळात त्याने आणि बायकोने इथल्या मुलांच्या हॉस्पिटलला ३० लाख डॉलर दिले. मित्राला हे सांगितलं की तो लगेच म्हणतो, "आमचेच पैसे." आणि मग थोड्या वेळाने, "पण दिले, हे खरं."

सांगलीला फोन लावला. बाबांना बातमी आधीच ठाऊक होती.

"मग आता हप्ते चालू का?"

"होतील. २०३७ पर्यंत."

"आणि व्याज नाहीच?"

"नाहीच."

"बघ, मी म्हटलं होतं. मालकानेच गंडवलंय त्याला," असं म्हणून त्यांनी विषय पावसाकडे नेला.

रात्री मित्र घरी आला होता. मान्सिनी आता हक्काच्या जागेवर आहे, जोडीला पोरगा माउंटकॅसल. मी म्हटलं, घे, तुला हवं ते झालं. तो टीव्हीकडे बघत होता. ३ ऑगस्टपासून संघ एकही सामना जिंकलेला नाही.

"झालं खरं," तो म्हणाला. "पण आता शिव्या कोणाला द्यायच्या?"