राहून गेलेलं

गुरुजींना जाऊन वर्ष होत होतं, म्हणून गावात सामुदायिक प्रार्थना ठेवली होती. मिस्त्रीकाकांचा फोन आला, "ताई, या लागते. भोंगा लावणार आहो." भोंगा म्हटल्यावर मला नागपुरात बसवेना.

आदल्या रात्री सेवाग्रामला उतरले. सकाळी आश्रमात गर्दी नव्हती. बापूंच्या दफ्तरात तो टेलिफोन अजून आहे, व्हाइसरॉयशी थेट बोलता यावं म्हणून बसवलेला. २००२ मध्ये गुरुजींनीच मला तो पहिल्यांदा दाखवला होता. मी तेव्हा समाजकार्याची विद्यार्थिनी होते, वही-पेन घेऊन त्यांच्यामागे फिरायची. ते म्हणाले, "इथून आवाज दिल्लीले जाये. दिल्लीचा आवाज गावाले यायले रेडिओ हाय. पण गावाचा आवाज गावाले जायले काय हाय, सांग बरं?" मी काहीच बोलले नाही. पुढची सहा वर्षं मात्र त्या प्रश्नाच्या मागे गेली.

वर्ध्याहून आता कळंबपर्यंत रेल्वेही झाली आहे, २०२४ पासून. तरी मी एसटीच घेतली. हा रस्ता खिडकीतून बघायचा असतो. देवळी मागे पडलं की दोन्हीकडे वावरं मोकळी होत जातात. डिसेंबर लागला होता. पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, दुसऱ्या वेचणीला आलेली, मध्ये तुरीची तासं, आणि डोक्याला दुपट्टं बांधून, कमरेला ओटी खोचून वेचणाऱ्या बाया. वर्धा नदीचा पूल ओलांडला, यवतमाळ जिल्हा लागला, आणि कंडक्टरनं आमच्या फाट्याचं नाव घेतलं. गावाचं नाव मी इथं लिहीत नाही. गुरुजींना ते आवडलं नसतं. त्यांनी स्वतःचं नावसुद्धा एकाही कॅसेटवर येऊ दिलं नाही.

कॅसेटवर म्हणजे काय, ते आधी सांगायला हवं. आमच्याकडे रेडिओ केंद्र कधीच नव्हतं. होती ती सात-आठ माणसं, एक टेपरेकॉर्डर, ट्रॅक्टरची जुनी बॅटरी आणि मिस्त्रीकाकांचा भोंगा. आठवडाभर गावोगाव फिरून लोकांचं बोलणं टिपायचं, त्यातून अर्ध्या तासाचा कार्यक्रम जोडायचा आणि बाजाराच्या दिवशी लिंबाखाली लावायचा. वाजवून झालं की पाल उचलून निघून जायचं नाही. तिथंच बसायचं. कोण काय विचारतं, कोण कुठं हसतं, कोण उठून जातं, ते वहीत लिहायचं. लोकांनी विचारलेल्या प्रश्नांचं उत्तर पुढच्या कॅसेटमध्ये.

ही रीत गुरुजींनी स्वतःच्या डोक्यातून काढली नव्हती. १९५६ साली आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरून युनेस्कोच्या मदतीनं एक प्रयोग झाला होता. पाच जिल्ह्यांतली दीडशे गावं, आठवड्यातून दोनदा अर्ध्या तासाचा कार्यक्रम, असे दहा आठवडे. गावकऱ्यांनी गटानं ऐकायचं, त्यावर चर्चा करायची आणि जमेल ते गावात करून बघायचं. तेव्हा विदर्भ मध्य प्रदेशात होता, त्यामुळे आमचं एकही गाव त्यात नव्हतं. गुरुजी म्हणायचे, आपली पाळी राहून गेली, आपण आता घेऊ.

मिस्त्रीकाका फाट्यावर मोटारसायकल घेऊन उभे होते. वय सत्तरीच्या पुढं, डोळ्याचं ऑपरेशन झालेलं. रेडिओ दुरुस्तीचं दुकान कधीच बंद झालं, आता मुलगा तिथं मोबाइलचे काच बदलतो. दुकानाच्या मागच्या खोलीत पत्र्याच्या पेटीत कॅसेट आहेत. प्रत्येकीला कापसाच्या सरकीच्या पोत्यातून कापलेल्या कापडाची पिशवी, वर नंबर. चहा येईपर्यंत मी त्या पिशव्यांवरून नुसता हात फिरवत बसले.

अठ्ठावीस नंबर मावशींचा होता.

मावशी अंगणवाडीत होत्या. चौथी शिकलेल्या, पण टेपरेकॉर्डरचं लाल बटण त्यांच्याइतकं नेमक्या वेळी कुणालाच दाबता आलं नाही. जात्यावरच्या ओव्या टिपायच्या ठरल्या, तेव्हा मी म्हाताऱ्यांना ओळीनं बसवून "म्हणा" म्हणाले होते. एकीलाही आठवेना. मावशी हसल्या. घरून पायलीभर ज्वारी आणून जात्याशी बसल्या आणि स्वतःच ओढायला लागल्या. हात फिरायला लागला तशी शेजारची म्हातारी आपसूक गळ्यावर आली. दळल्याशिवाय ओवी येत नाही, हे मला कुठल्याही वर्गात शिकवलं नव्हतं. मग जात्याच्या घरघरीत आवाज बुडायला लागला, तेव्हा त्यांनी माइक वाकळीच्या घडीत गुंडाळून दाराच्या चौकटीला बांधला. आजही ती कॅसेट लावली की ओवी पुढं आणि जातं मागं, दोन्ही स्वच्छ ऐकू येतं.

मावशी २०२१ च्या मे महिन्यात गेल्या. तेव्हा कुणाला कुणाच्या दारात जाता येत नव्हतं. मी पंधरा दिवसांनी ऐकलं.

गुरुजींचं काम बाहेरच्या माणसाला दिसायचंच नाही, कारण ते बोलायचे नाहीत. प्रत्येक कॅसेटवर त्यांचा आवाज एवढाच: "हं." आणि थोडं थांबून, "मग?" एकदा आम्ही कोलामांच्या पोडावर, म्हणजे त्यांच्या वस्तीवर, गेलो. एक आजी कोलामीत बोलायला लागली. आमच्यात कुणालाच कोलामी येत नव्हती. गुरुजी चाळीस मिनिटं तिच्यासमोर उकिडवे बसून "हं", "हं" करत राहिले. परत येताना मावशींनी विचारलं, "गुरुजी, समजत नाही तं हं हं कायले करता?" ते म्हणाले, "तिले तं समजते ना ते काय सांगून रायली." नंतर पोडावरच्या शाळकरी पोरानं अर्थ सांगितला. ती कुठल्याशा साथीत गेलेल्या आपल्या चार लेकरांबद्दल बोलत होती. बाजारात ती कॅसेट लावली, तेव्हा पोडावरची माणसं भोंग्याच्या अगदी खाली येऊन उभी राहिली. त्यांची भाषा त्या लिंबाखाली मोठ्यानं त्याआधी कुणी बोललं नव्हतं.

स्वतःच्या रेडिओ केंद्राच्या परवान्याची गोष्ट थोडक्यात उरकते, कारण ती आठवली की अजून घशाशी येतं. १९९५ च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे. तो निकाल देणाऱ्यांत न्यायमूर्ती पी. बी. सावंत होते. गुरुजींनी त्या बातमीचं कात्रण वहीच्या पहिल्या पानावर चिकटवलं होतं. पण विद्यापीठांना स्वतःचं केंद्र मिळायला २००४ उजाडलं आणि गावातल्या संस्थांना दार उघडलं ते २००६ च्या नोव्हेंबरात. शंभर वॅटपर्यंतची शक्ती, ३० मीटरपर्यंतचा अँटेना, पाच ते दहा किलोमीटरचा घेर, आणि निम्मे तरी कार्यक्रम तिथल्याच लोकांच्या सहभागानं. गुरुजी ते वाचताना म्हणाले, "हे तं आपलंच लिहिलं!" फक्त अर्ज करणारी संस्था नोंदणीकृत हवी आणि तिला तीन वर्षं झालेली हवीत. आम्ही संस्था नव्हतोच. नोंदणी केली, तीन वर्षं थांबलो. बँक हमीचे पंचवीस हजार कापूस विकून आलेल्या पैशांतून जमवले, कुणी शंभर दिले, कुणी एक मण कापूस. फाइल एका कचेरीतून दुसरीत गेली आणि तिथंच राहिली. दरवेळी नवा कागद मागायचे. पाचव्या वर्षी गुरुजींनी लोकांचे पैसे घरोघर जाऊन परत केले, सही घेऊन.

मधल्या काळात, १५ ऑक्टोबर २००८ ला, तेव्हाच्या आंध्र प्रदेशातल्या मेदक जिल्ह्यात माचनूरला दलित शेतकरी बायकांचं संघम रेडिओ सुरू झालं. त्यांनीही परवान्याआधी कितीतरी वर्षं आमच्यासारखीच कॅसेट टिपून गावात ऐकवली होती. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यात म्हसवडला माणदेशी तरंग वाहिनी हे गावचं रेडिओ केंद्र लागलं. मावशींनी त्या दिवशी शिरा केला. म्हणाल्या, "आपल्याच बहिणी व्हय त्या." हेवा करणं त्यांना जमत नसे. मला जमे, आणि मी केला.

दुपारी मिस्त्रीकाकांच्या घरी जेवले. ज्वारीची भाकर, झुणका, वरून कच्चं तेल आणि ठेचा. जेवता जेवता त्यांनी २०१७ ची गोष्ट काढली. त्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसपेक्षा जास्त शेतकरी-शेतमजूर गेले. पऱ्हाटी डोक्याइतकी वाढलेली, फवारा तोंडावर यायचा. आमच्या पेटीत २००४ ची एक कॅसेट होती. त्यात एक सालगडी सांगतो, वाऱ्याच्या उलट तोंडानं फवारलं की डोळ्यापुढं कसं होतं, शर्ट ओला झाला की लगेच का काढायचा, रिकामा डबा घरात पाणी भरायला का आणायचा नाही. मिस्त्रीकाकांनी ती मेमरी कार्डावर उतरवली, मोटारसायकलवर भोंगा बांधला आणि तीन आठवडे गावोगाव वाजवत फिरले. पेट्रोल स्वतःचं. गुरुजींना तेव्हा धड चालवत नव्हतं, तरी मागच्या सीटवर बसून जायचे, कारण वाजवून झाल्यावर कुणीतरी ऐकायला बसलं पाहिजे.

"किती गावं झाली काका?" मी विचारलं.

"वहीत असन," ते म्हणाले. "मी कावून मोजू?"

ती वही, म्हणजे गुरुजींची नोंदवही, आता मावशींच्या नातीकडे आहे. पोरगी यवतमाळला शिकते, प्रार्थनेसाठी आली होती. वहीत रकाने आहेत: नंबर, बोलणाऱ्याचं नाव, गाव, विषय, मिनिटं, लोकांनी काय विचारलं. शेवटचा रकाना मात्र मी दुसऱ्या कुठल्याही केंद्राच्या नोंदवहीत पाहिलेला नाही. त्याच्यावर लिहिलंय, "राहून गेलेलं." १२ नोव्हेंबर १९४७ ला गांधीजी आयुष्यात पहिल्यांदा आणि शेवटचं दिल्लीच्या आकाशवाणीत गेले, कुरुक्षेत्रच्या छावणीतल्या निर्वासितांशी बोलायला. दरवर्षी त्या तारखेला गुरुजी नवीन काही टिपत नसत. वही घेऊन जुन्या बोलणाऱ्यांच्या घरी जायचे आणि विचारायचे, "सांगायचं काय राहून गेलं?" लोक सांगायचे. ते त्या रकान्यात यायचं.

संध्याकाळी देवळासमोर सतरंज्या पडल्या. खंजिरीवर तुकडोजी महाराजांची भजनं झाली, मग दोन मिनिटं मौन. भाषण कुणीच केलं नाही. मिस्त्रीकाकांनी भोंगा लिंबाच्या त्याच फांदीला बांधला होता आणि हात थरथरत असतानाही कॅसेट स्वतःच घातली. थोडी खरखर, एक कोंबडा आरवला, आणि मग गुरुजींचं "हं."

समोरच्या रांगेतले दोन म्हातारे रडायला लागले. मीही.

एकामागून एक वाजत गेल्या. सालगड्याची, पोडावरच्या आजीची, विहिरीच्या भांडणाची. शेवटी अठ्ठावीस नंबर. जात्याची घरघर, मावशींचा श्वास, आणि ओवी. मग टेपवरचे गुरुजी विचारतात, "ही कोनाची व्हय, बाई?" आणि ओवी म्हणणारी सांगते, "माह्या सासूची. तिनंच शिकवली."

ती म्हातारी तिथंच बसलेली होती. नव्वदीला आलेली, कानाला कमी ऐकू येणारी, पण भोंग्याचं ऐकू आलं. तिनं हात वर केला. मिस्त्रीकाकांनी टेप थांबवली.

"ते खोटं सांगतलं मी," ती म्हणाली. "सासू पुढंच बसून होती ना तवा. ती ओवी माह्या मायची हाय. मायनं म्हटली, मी निजता निजता ऐकली."

कुणी काही बोललं नाही. मावशींच्या नातीनं वही उघडली, अठ्ठावीस नंबर शोधला आणि शेवटच्या रिकाम्या रकान्यावर बोट ठेवून आजीच्या शेजारी सरकली.

"मायचं नाव काय होतं, आजी? अन् गाव?"

आजीनं गुडघ्यावरचा पदर सारखा केला आणि सांगायला लागली.