गुहा रिकामी होती, मग आत का नाही गेलात?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहितेय. एकट्या तुम्हीच विचारलंय असं नाही, ऑफिसात डबा खाताना विचारतात, हळदीकुंकवाला विचारतात, परवा साताऱ्यात राजवाड्यावर भेळ खात उभी होते तर मागून एकीने खांद्यावर हात ठेवून विचारलं, काय हो, वीस पावलांवर गुहा होती, रिकामी होती, मग रात्री पावसात सगळ्यांना डोंगरावरून खाली कशाला आणलंत? त्या रात्री नणंदेचा हात मोडला हे सगळ्यांना माहितीय, प्लास्टरवर सह्या करणाऱ्यांत तुमच्यातलेच बरेच जण होते. माझी बाजू मात्र कुणी पूर्ण ऐकून घेत नाही, दोन वाक्यं झाली की लोक "हो पण" म्हणतात.

तर आधी गुहेचं. गुहा म्हटलं की लोकांना फुकटचा लॉज वाटतो. आपल्याकडचे डोंगर म्हणजे लाव्ह्याचे थरावर थर, काळा कडक कातळ, मधेच लालसर मऊ थर, परत कातळ. मऊ थर झिजून आत जातो, वरचा कातळ पुढे येऊन राहतो, झाली कपार. आणि वरून मुरलेलं पाणीसुद्धा त्याच थरातून बाहेर पडतं, म्हणून कपार असते तिथं जवळपास टाकं नाहीतर पाझर असतो. नवीन पोरं खूश होतात, छप्पर पण आहे आणि पाणी पण. पण पावसाळा संपून बरेच दिवस झाले तरी तो पाझर जिरलेला नसतो, रात्री दोन वाजता तो तुमच्या स्लीपिंग बॅगखाली आलेला असतो. कल्याणगडावरच्या गुहेत पार्श्वनाथ आणि दत्त आहेत, दर्शनाला पाण्यातून चालत जावं लागतं, तिथं काय झोपणार कप्पाळ. केंजळगडावर कातळपायऱ्यांच्या अलीकडे आहे ती बरी, पण सुट्टीच्या दिवशी तिथं आधीच कुणीतरी पसरलेलं असतं आणि स्पीकर लावलेला असतो.

मी गुहेत शिरले की आधी वास घेते. वटवाघळांचा वास असेल तर नाही. शेळ्यांच्या लेंड्या दिसल्या तर गुराखी बसतात, म्हणजे जागा कोरडी आहे, पण पिसवा आणि गोचीडही आहेत, मग प्लॅस्टिक अंथरून, नाहीतर बाहेरच. साळिंदराचे काटे पडलेले असतील, केसाळ विष्ठा असेल तर ते घर दुसऱ्याचं आहे, आपण निघायचं. मग बाहेर येऊन वर कड्याकडे बघायचं, आग्या मोहोळ लटकतंय का. असेल तर खाली धूर करायचा नाही म्हणजे नाही, गडांवर मधमाश्या उठून पळापळ झाल्याचे किस्से तुम्हीही ऐकलेत.

तंबूचं वेगळं. खिंडीत लावला तर वारा रात्रभर कापड फडफडवतो, खोलगट जागेत लावला तर सगळी गार हवा खाली उतरून तिथंच साठते आणि सकाळी आतून बाहेरून चिंब. सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्याच्या उघड्या कातळावर, खुंट्या जात नाहीत, दगडांना दोऱ्या बांधाव्या लागतात (आणि कासच्या बाजूच्या फुलांच्या सड्यांवर तंबू लावूच नका, कितीही फोटो चांगला येत असला तरी). होळीच्या आसपास वाळलेल्या गवतात नको, वणवा येताना वेळ देत नाही. एवढं बास, याचा क्लास घ्यायचा नाहीये मला.

आणि हो, वासोटा किल्ल्यावर रात्री राहता येतं का, नागेश्वरच्या गुहेत झोपता येतं का, हे विचारणं थांबवा. कोयना अभयारण्य आहे ते, 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे, बामणोलीहून लाँचने जायचं, वनखात्याची परवानगी घ्यायची, संध्याकाळच्या आत परत. पूर्वी आमच्या ओळखीतली माणसं राहिलीत तिथं, ती पूर्वीची गोष्ट झाली.

आता ती रात्र. जागेचं नाव सांगणार नाही, वाई तालुक्यातला एक डोंगर समजा. मी, नणंद, ऑफिसातली मैत्रीण आणि तिचा कॉलेजातला मुलगा. ऑक्टोबर संपत आलेला, दिवसभर कडक ऊन, परतीचा पाऊस संपला असं सगळे म्हणत होते. वाडीत पाणी प्यायला थांबलो तिथं एका म्हाताऱ्या बाबांनी विचारलं मुक्काम कुठं. मी म्हटलं वरच्या कपारीत. ते म्हणाले, "कपारीत देव हाय. बायकामानसानं आत निजायचं न्हाई. भाईर कुठंबी ऱ्हावा." आवाज चढवला नाही, उपकार केल्यासारखंही बोलले नाहीत, दूध किती देते म्हैस हे सांगावं तसं सांगितलं. नणंदेने माझ्याकडे बघितलं. तिला वाटलं मी भांडणार.

कारण मी भांडायचे. लग्नाआधीची मी असते तर तिथल्या तिथं बाबांना विचारलं असतं की देवी असती तर काय केलं असतंत, आणि मुद्दाम आत जाऊन झोपले असते. एका गावात देवळाच्या ओसरीवर बायकांना राहू देत नाहीत म्हटल्यावर मी तिथलं पाणीसुद्धा न पिता पुढे गेलेली आहे, आणि ते अभिमानाने सांगत फिरलेली आहे. त्या मला आताची मी अजिबात पटणार नाही. पण डोंगरात इतकी वर्षं फिरल्यावर एक कळतं की मला जागा सापडत नाहीत, मला जागा दाखवल्या जातात. धनगराच्या घरातली म्हातारी, गुरामागचं पोरगं, पाझर कुठं टिकतो, कुठं बिबट्याची वाट आहे, हे सगळं त्यांनी सांगितलेलं. पाण्याबद्दल त्यांचं ऐकायचं आणि देवाबद्दल ऐकायचं नाही, असं मला जमेना. म्हणून म्हटलं बरं बाबा, बाहेर राहू. शब्द दिला म्हणा.

(मैत्रिणीचा मुलगा पुरुष असल्यामुळे तो आत झोपू शकत होता. हे त्यानेच लक्षात आणून दिलं आणि सगळे हसलो.)

तंबू कपारीच्या खाली, थोड्या सपाट जागेवर लावले. कपार म्हणजे तोंड रुंद, आत फार खोल नाही, पुढे शेंदूर लावलेला दगड. वर कड्याला मोहोळ होतं, तेही बघितलं होतं. जेवणं झाली, झोपलो, आणि रात्री मला जाग आली ती उजेडाने. आवाज नव्हता अजून. वीज चमकली की मोजायचं, गडगडाट तीस सेकंदांच्या आत आला तर ती दहा किलोमीटरच्या आत आहे, म्हणजे हालायची वेळ झाली. फोनवर पुण्याच्या आयआयटीएमचं दामिनी ॲप आहे माझ्याकडे, विजा कुठं पडतायत ते दाखवतं, पण रेंजच नाही तर दामिनी काय करणार. मोजलं. वीस. मग चौदा.

सगळ्यांना उठवलं, तंबूतून बाहेर काढलं. नणंद सरळ कपारीकडे निघाली आणि मी तिचा दंड धरला. इथंच सगळी भानगड आहे. उथळ कपार विजेच्या वेळी वाईट, हे मला माहीत होतं. वीज कड्यावर पडली की कातळावरून खाली येते, आणि कपारीच्या छतापासून जमिनीपर्यंत मधल्या पोकळीतून उडी मारते, मधे माणूस असेल तर त्याच्यातून. खोल, कोरडी गुहा असेल, भिंतींपासून आणि तोंडापासून लांब बसता येत असेल तर गोष्ट वेगळी. ही तशी नव्हती. आणि तंबूही वाचवत नाही, तंबू म्हणजे काठ्यांवरचं कापड. त्यामुळे उतारावरून थोडं खाली, झाडांपासून लांब, प्रत्येकाने आपापल्या मॅटवर उकिडवं बसायचं, पाय जोडून, आणि एकमेकांपासून लांब लांब, म्हणजे एकाला बसला तर बाकीचे उठून त्याला बघू शकतील.

नणंद हात मागत होती. "वहिनी, हात दे फक्त," असं दोनदा म्हणाली, आणि मी ओरडले की बस तिथंच. पाऊस एवढा होता की तिला माझा चेहरा दिसत नव्हता, नुसता आवाज. हात मोडल्याचं ती कधीच बोलत नाही, बोलते ती हे. आजही घरी कुणी विषय काढला की ती एवढंच म्हणते, वहिनीने हात दिला नाही. मी सांगते की जमिनीतून करंट पसरतो, हात धरले की दोघींना लागतो, ती म्हणते हो बरोबर आहे, आणि पुढं काही बोलत नाही.

इथपर्यंत मी कुणाचं काही देणं लागत नाही. पुन्हा तशी रात्र आली तर पुन्हा तसंच बसवीन.

पण तुम्ही विचारता ते याच्या नंतरचं आहे, आणि तुमच्यातल्या हुशार लोकांना ते बरोबर कळलेलंय. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबायचं असतं, तेवढं आम्ही थांबलो. वीज गेली. पाऊस राहिला. आता कपारीत जायला विजेची अडचण नव्हती. मुलाचे दात वाजत होते, मैत्रिणीला बोटांनी बॅगेची चेन उघडता येत नव्हती, तंबू एक आडवा झालेला, दुसऱ्यात पाणी. आणि मी म्हटलं, वाडीत जाऊया.

का म्हटलं? मी सगळ्यांना सांगते ते असं, की कपडे ओले, गार लागलेलं, आम्हाला शेकोटी लागणार होती आणि कपारीत जाळ करता आला नसता, वर मोहोळ, शिवाय सुकं लाकूड कुठं होतं. नणंद म्हणते स्टोव्ह होता की. होता. चहा झाला असता. मी म्हणते पाझर फुटला असेल आत, चिखल असेल. ती म्हणते तू बघायला गेलीस का? नाही गेले. वीस पावलं होती, टॉर्च होता, गेले नाही. बाबांना दिलेला शब्द डोक्यात होता का? होता. तो किती होता आणि शेकोटीचा विचार किती होता, हे मला तेव्हा कळलं नाही आणि आता तर सांगून सांगून त्याची सरमिसळच झालीय. कुणी जास्त टोचून विचारलं की मी शेकोटी पुढं करते. बाबांची बाजू घेणाऱ्या माणसांसमोर शब्द पुढं करते. हेही खरं.

उतरताना ओल्या गवतावरून नणंदेचा पाय गेला, ती हातावर पडली, मनगट गेलं. आवाज मी ऐकला. उरलेली वाट मैत्रिणीच्या मुलाने तिला जवळजवळ धरूनच आणली.

बाबांच्या सुनेने दार उघडलं. काही विचारलं नाही, चूल पेटवली, घोंगड्या दिल्या, एका फळीच्या तुकड्याला धरून जुन्या पातळाच्या पट्ट्यांनी हात बांधला, मी फर्स्ट एडचा कोर्स केलाय त्यात शिकवतात त्याहून चांगला. चहा देता देता म्हणाली, "आवं ताई, आत जायचं हुतं की. पावसात आमीबी जातोय. द्येव काय म्हनत न्हाई." बाबा तिथंच बसलेले. मी त्यांच्याकडे बघितलं, त्यांनी तंबाखू मळली आणि खाली बघत म्हणाले, "निजायचं न्हाई म्हनलं मी. बसायला कोन नगं म्हनलंय."

आता यावर काय बोलणार? त्या क्षणी मला हसू आलं, मग राग आला, तोही नेमका कुणावर ते ठरेना. सकाळी बाबा स्वतः वर जाऊन आमचे तंबू गोळा करून घेऊन आले. मी विचारलं आत पाणी आलेलं का. म्हणाले, "थोडं येतंच." थोडं म्हणजे किती विचारलं तर नुसता हात हलवला. त्यामुळे तोही निकाल लागला नाही.

काहीजण मला म्हणतात की तू बुवाबाजीला शरण गेलीस. काहीजण, आणि हे मला जास्त झोंबतं, पाठ थोपटतात की तू स्थानिक परंपरेचा मान राखलास. मी काही परंपरेचा सत्कार करायला गेले नव्हते. आणि ज्यांना वाटतं की बाईमाणसांनी जाऊच नये डोंगरात मुक्कामाला, त्यांना उत्तर द्यायला मला वेळ नाही, वाईच्या बाजाराच्या वाटेवर बस उलटून यापेक्षा जास्त हात मोडतात.

लोकेशन मात्र मागू नका. लपवून ठेवायचं म्हणून नाही, पिन पाठवली तर तुम्ही वाडीत न थांबता सरळ कपारीत जाल, आणि मग पाणी कुठं, मोहोळ कुठं, आत कुणी निजायचं आणि कुणी बसायचं हे तुम्हाला कोण सांगणार. वाडीत थांबा, पाणी मागा. नाही म्हणाले तर भांडायचं की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा, माझं अजून ठरलेलं नाही.

डिसेंबरात कमळगडला जातोय, गोरक्षनाथाच्या देवळाजवळ मुक्काम. नणंदेला विचारलं, प्लास्टर निघून बरेच महिने झालेत. तिने लगेच विचारलं तिथं गुहा आहे का. म्हटलं गुहा नाही, कावेची, म्हणजे लाल मातीची, विहीर आहे, आत पायऱ्यांनी उतरता येतं. म्हणाली बघते. चार दिवस झाले, अजून बघतेय.