मामांचा सोमवार

इंदूरच्या मराठी घरांत श्रावणाचा हिशेब दुहेरी असतो. शेजाऱ्यांचा सावन आपल्या पंधरा दिवस आधी लागतो आणि राखीला संपतो. आमची ओंकारेश्वरची पायी वारी राखीनंतरच्या सोमवारी पोचते. तोवर कावडियांची गर्दी ओसरलेली असते, आपले सोमवार मात्र शिल्लक असतात.

सिमरोलपर्यंत वारा सोबत करतो. भेरूघाट उतरला की माळवा मागे पडतो आणि निमाडचा उकाडा सुरू होतो. पावसाने उघडीप दिली तर चोरल-बलवाड्याकडे घाम नुसता गळतो, वाळत नाही. अंग निवतं ते घाम वाळल्यामुळे. म्हणून ढगाळ दिवशीही उष्माघात होऊ शकतो, हे आमच्यातल्या नर्सताई दरवर्षी घसा कोरडा करून सांगतात. माणूस बरळायला लागला, पाय लटपटले, अंग भाजायला लागलं, तर सावलीत घ्यायचं, अंगावर पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि तेवढ्यात कुणीतरी १०८ लावायचा. घाम येतोय म्हणून निर्धास्त राहायचं नाही, चालणाऱ्याला उष्माघातातही घाम येतो.

पाण्यावरून दरवर्षी वाद. नर्मदामैयाचं पाणी उकळायचं म्हणजे काही जणींना पाप वाटतं. आता इंदूरच्या नळालाही नर्मदाच येते, पण जलूदला शुद्ध होऊन. पावसाळ्यातलं गढूळ पाणी घाटावरून बाटलीत भरून तसंच प्यायचं, ही श्रद्धा मला पटत नाही. जुलाब लागलेच तर १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, घोट घोट. लघवी थांबली, डोळे खोल गेले किंवा शौचात रक्त दिसलं तर मात्र थेट दवाखाना.

सोमवारी मोरटक्क्याचा पूल ओलांडला आणि मामांचा आवाज बंद झाला. मामा म्हणजे आमचे भजनाचे इंजिन, बडवाहपासून अखंड चालू होते. भाच्याने छत्री धरली तर त्याच्यावर खेकसले, “कळत नाही का तुला?” मामा कधी खेकसत नाहीत. दोन पावलं तिरकी पडली आणि ते रस्त्याच्या कडेला बसले.

“ऊन लागलं, झोपू द्या जरा,” एकाने निदान करून टाकलं.

नर्सताईंनी मानेवर हात ठेवला. गार, ओलीचिंब. बोटं थरथरत होती. “ऊन कसलं, साखर उतरलीये,” म्हणत त्यांनी पिशवीतून यंत्र काढलं. ५८ आलं. सत्तरच्या खाली गेली की साखर कमी धरतात.

सकाळी मामांनी मधुमेहाची गोळी नेहमीसारखी घेतली होती आणि उपवास म्हणून वर फक्त बिनसाखरेचा चहा. काही गोळ्या पोट रिकामं असलं तरी शरीराला इन्सुलिन सोडायला लावतात. त्यात ही चाल. उपवासाच्या दिवशी गोळीचं काय करायचं ते वारीआधी डॉक्टरांना विचारायला हवं होतं, मनाने बंद करणंही तितकंच वाईट.

मामा शुद्धीवर होते, गिळता येत होतं, म्हणून पाण्यात चार चमचे साखर ढवळून पाजली. बेशुद्ध असते तर तोंडात थेंबही घालायचा नव्हता, कुशीवर वळवून १०८ ची वाट पाहायची. पंधरा मिनिटांनी पुन्हा बोट टोचलं. ८४. मग केळं आणि राजगिऱ्याचा लाडू. या गोळ्यांचा अंमल लांबतो, साखर तासाभराने पुन्हा घसरू शकते, म्हणून ताईंनी त्यांना सामानाच्या गाडीत घालून बडवाहच्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं.

गाडीत बसताना मामांचा पहिला प्रश्न, “माझा सोमवार मोडला का गं?”

“साखर चालते उपवासाला,” मामी म्हणाल्या. “राजगिराही चालतो. अजून एक लाडू घ्या.”